अमाइन जातं कुठे? रीबॉयलरचं तापमान उतरवण्याआधी लोखंड मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून दिवसाला ५ टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा पायलट प्लँट. सॉल्व्हंट, म्हणजे वायू शोषून घेणारं द्रावण, साधा: पाण्यात ३० टक्के एमईए, म्हणजे मोनोइथेनॉलअमाइन हे अमाइन. फेऱ्यात एकूण ४ टन द्रावण. कॉस्टिकच्या प्री-स्क्रबरने धूर आधी धुतल्यानंतरही त्यात १५ पीपीएम सल्फर डायऑक्साइड उरतो. सुरुवातीला रोज ३ किलो नवं अमाइन घालून भागत होतं, आता पाचव्या महिन्यात १२ किलो लागतंय. द्रावण काळं पडलंय आणि अ‍ॅब्सॉर्बरच्या (धूर आणि द्रावण जिथे भेटतात त्या मनोऱ्याच्या) वरच्या प्लॅटफॉर्मवर अमोनियाने डोळे चुरचुरतात. पुरवठादार म्हणतो, रीबॉयलर, म्हणजे वायू सोडवण्यासाठी द्रावण तापवणारं भांडं, १२० अंशांवरून ११५ वर आणा. तेवढ्याने थांबेल का, की सॉल्व्हंटच बदलावा?

तेवढ्याने थांबणार नाही. आणि सॉल्व्हंट बदलायची घाईही करू नका, कारण तुमच्या प्लँटमध्ये जे एमईएला खातंय ते नव्या सॉल्व्हंटलाही खाईल, फार तर थोडं सावकाश. माझ्या मते तुमचं अमाइन प्रामुख्याने ऑक्सिजनमुळे जातंय, आणि ऑक्सिजनला हात देतंय ते द्रावणात विरघळलेलं लोखंड. मी पंधरा वर्षं रिफायनरीच्या अमाइन युनिटवर काढली आणि त्यापुढची सात कार्बन कॅप्चरच्या पायलटवर. दोन्हीकडे हेच पाहिलंय: द्रावण नासलं की पहिला ठपका उष्णतेवर जातो, कारण तापमान पॅनेलवर दिसतं. लोखंड पॅनेलवर दिसत नाही.

आधी हिशेब मांडू. एमईए उष्णतेने किती जातं यावर टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसमध्ये गॅरी रोशेल यांच्या गटाने बरंच मोजमाप केलंय. तिथल्या जेसन डेव्हिस यांच्या २००९ च्या कामातले आकडे मी अजून रोज वापरतो: कार्बन डायऑक्साइड शोषलेलं एमईए १३५ अंशांवर ठेवलं तर आठवड्याला अडीच ते सहा टक्के संपतं, आणि तापमान १७ अंशांनी वाढलं की वेग साधारण चौपट होतो. म्हणजे १२० अंशांच्या आसपास आठवड्याला एक टक्का धरू. पण हा एक टक्का फक्त गरम भागातल्या द्रावणाचा. स्ट्रिपरचा (गरम द्रावणातून वायू सोडवणाऱ्या मनोऱ्याचा) तळ, रीबॉयलर आणि हीट एक्स्चेंजरची गरम बाजू मिळून तुमच्या ४ टनांतलं फार तर चौथा हिस्सा द्रावण कोणत्याही क्षणी तिथे असतं. फेऱ्यात १२०० किलो एमईए आहे. त्याचा चौथा हिस्सा ३०० किलो, त्याचा एक टक्का ३ किलो, तोही आठवड्याला. दिवसाला अर्धा किलोसुद्धा नाही.

आता पुरवठादाराचे ५ अंश लावा. वेग दीडपटीने कमी होईल, म्हणजे अर्ध्या किलोतला तिसरा हिस्सा वाचेल. रोजच्या १२ किलोंतून दीडशे ग्रॅम. उलट तापमान उतरवल्यावर लीन, म्हणजे वायू सोडून परत निघालेल्या, द्रावणात जास्त कार्बन डायऑक्साइड शिल्लक राहील, तेवढंच काम करायला तुम्हाला जास्त द्रावण फिरवावं लागेल, आणि तेवढ्या जास्त द्रावणाची धुरातल्या ऑक्सिजनशी गाठ पडेल.

सल्फर डायऑक्साइडचाही हिशेब करून टाकू. १३ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या धुरातून नव्वद टक्के पकडायचा तर एका टनामागे जवळपास १९४ किलोमोल धूर लागतो. त्यात १५ पीपीएम सल्फर डायऑक्साइड म्हणजे सुमारे ३ मोल. प्रत्येक रेणू दोन एमईए बांधून ठेवतो. टनामागे ३५०-३६० ग्रॅम, दिवसाला पावणेदोन-दोन किलो. हे अमाइन मेलेलं नाही, सल्फाइट-सल्फेटच्या मिठीत अडकलेलं आहे. कॉस्टिक घालून ते सोडवता येतं. तोपर्यंत मात्र ते कामाला नाही.

म्हणजे १२ किलोंतला अर्धा किलो उष्णतेचा, दोन किलो सल्फरचे. थोडं वाफेबरोबर आणि पंपाच्या सीलमधून जात असेल. उरलेले नऊ किलो कुठे गेले याचं उत्तर त्या प्लॅटफॉर्मवरच्या वासात आहे.

उष्णतेने होणारं विघटन आणि ऑक्सिजनने होणारं विघटन यांचा माल वेगवेगळा असतो. उष्णतेत एमईए एकटं फारसं मोडत नाही. शुद्ध एमईए १२० अंशांवर कितीतरी दिवस तग धरतं. मोडतं ते कार्बामेट, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला धरून बसलेलं एमईए. त्याची शेपटी स्वतःकडे वळते, पाण्याचा एक रेणू सुटतो आणि पाच अणूंचं कडं तयार होतं: ऑक्साझोलिडिनोन. या कड्यावर दुसरं एमईए येऊन आदळलं की दोन नायट्रोजनचा लांब रेणू होतो, त्याला आम्ही एचईईडीए म्हणतो. त्यानेही कार्बन डायऑक्साइड धरला की आणखी एक कडं, एचईआयए. हे सगळे जड रेणू द्रावणातच राहतात. चिकटपणा वाढवतात, पण चिमणीतून बाहेर पडत नाहीत. या वाटेने अमोनिया जवळपास सुटतच नाही.

ऑक्सिजनची वाट वेगळी. तिथे मुक्त मूलकांची साखळी चालते: रेणूतला एक हायड्रोजन ओढला जातो, तिथे ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड होतं, आणि ते मोडताना कार्बन-नायट्रोजनचा सांधा सुटतो. हातात उरतो अमोनिया आणि फॉर्मॅल्डिहाइडसारखे छोटे अल्डिहाइड. अल्डिहाइडचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं, शिवाय ऑक्झॅलिक, ग्लायकोलिक, अ‍ॅसेटिक. अल्डिहाइड आणि अमोनिया एमईएशी मिळून इमिडाझोलही बनवतात. द्रावणाचा काळा-तपकिरी रंग मुख्यतः या अल्डिहाइडच्या पुढच्या उद्योगांचा. अमोनिया हलका आणि उडणारा, तो धुराबरोबर वर निघून जातो. साधं वॉटर वॉश, म्हणजे बाहेर पडणारा धूर पाण्याने धुणं, त्याला थोडंच अडवतं, आणि त्या पाण्यात तो साचला की मुळीच अडवत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: अ‍ॅब्सॉर्बरच्या बाहेर अमोनिया मोजा. एफटीआयआर (वायू मोजणारं इन्फ्रारेड यंत्र) नसेल तर धूर ठरावीक वेळ पातळ सल्फ्युरिक आम्लातून बुडबुडे करून न्या आणि आम्लातला अमोनिया मोजा, बीएस्सीच्या प्रयोगशाळेतही हे होतं. नऊ किलो एमईए म्हणजे १४७ मोल. त्यातला दोनतृतीयांश नायट्रोजन अमोनिया होऊन गेला असं धरलं, तर तुमच्याएवढ्या धुराच्या प्रवाहात ११०-११५ पीपीएम अमोनिया दिसायला हवा. शंभराच्या वर आला तर चोर सापडला. वीस-पंचवीसच आला तर मी चुकलोय, मग गळती शोधा आणि डिमिस्टर (थेंब अडवणारी जाळी) उघडून बघा, कारण त्या परिस्थितीत अमाइन न मोडताच थेंबांवाटे उडून जात असणार.

आता खरी गंमत इथे आहे की नुसत्या विरघळलेल्या ऑक्सिजनने नऊ किलोंचा हिशेब जुळत नाही. ४० अंशांच्या द्रावणात, धुरात पाच-सहा टक्के ऑक्सिजन असताना, लिटरमागे दीड-दोन मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. एक टन कार्बन डायऑक्साइड पकडायला साधारण १८-१९ टन द्रावण फिरतं. म्हणजे अ‍ॅब्सॉर्बरच्या तळातून गरम बाजूला जाणारा विरघळलेला ऑक्सिजन टनामागे ३०-३५ ग्रॅम. त्याने फार तर ६०-७० ग्रॅम एमईए मोडेल. तुमच्याकडे टनामागे पावणेदोन किलो मोडतंय. बाकीचा ऑक्सिजन कोण आणतंय?

थोडा अ‍ॅब्सॉर्बरमध्येच खर्च होतो, कारण पॅकिंगवर धूर सतत नवा ऑक्सिजन पुरवत असतो. थोडा बुडबुड्यांच्या रूपाने रिच पंपात, म्हणजे वायूने भरलेलं द्रावण ओढणाऱ्या पंपात, ओढला जातो. पण मोठी वाहतूक लोखंड करतं. अ‍ॅब्सॉर्बरमध्ये ऑक्सिजन भेटला की फेरसचं फेरिक, म्हणजे लोखंडाचं जास्त ऑक्सिडाइज झालेलं रूप, होतं. ते फेरिक गरम एक्स्चेंजरमध्ये आणि स्ट्रिपरमध्ये अमाइनवर आणि अल्डिहाइडवर आपला ऑक्सिजनचा भार उतरवतं, पुन्हा फेरस होतं आणि लीन द्रावणातून परत अ‍ॅब्सॉर्बरला येतं. शिवाय पेरॉक्साइड थंड बाजूला तयार होतात आणि गरम बाजूला लोखंडाच्या मदतीने फुटतात. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात ५५ अंशांवर हवा सोडून काढलेले विघटनाचे वेग प्लँटमध्ये कमी का पडतात याचं हे मोठं कारण आहे. काचेच्या भांड्यात गरम-थंडचा फेरा नसतो.

आणि फेरा स्वतःला पोसतो. विघटनातून फॉर्मेट, ऑक्झॅलेट येतात. साध्या लोखंडाच्या पृष्ठभागावर चांगल्या चाललेल्या प्लँटमध्ये लोह कार्बोनेटचा एक पातळ संरक्षक थर बसलेला असतो. ही आम्लं आणि एचईईडीएसारखे धातूला कवेत घेणारे रेणू तो थर सोडवतात. लोखंड विरघळतं. लोखंड वाढलं की विघटन वाढतं, विघटन वाढलं की आम्लं वाढतात. तुमचे ३ किलो पाच महिन्यांत १२ झाले ते सरळ रेषेत झाले नसणार. लॉगबुक काढा आणि रोजचं टॉप-अप कागदावर आखा. मला खात्री आहे की पहिले दोन-तीन महिने रेष जवळपास आडवी दिसेल आणि मग वळण घेईल. जर्मनीत नीडरआउसेमच्या वीजकेंद्रावर आरडब्ल्यूई या वीज कंपनीचा पायलट २००९ पासून आहे, तुमच्यापेक्षा थोडा मोठा, दिवसाला ७.२ टनांचा. तिथे एमईएवर सलग दीड वर्षाची चाचणी झाली, आणि तिथेही हेच दिसलं: पहिले काही महिने घट सावकाश, मग वेगाने. दोन महिने चाचणी करून वर्षाचा सॉल्व्हंटचा खर्च काढणाऱ्यांनी हा अनुभव पुन्हा पुन्हा वाचावा असं मला वाटतं.

लोखंड कुठून येतं, याचा एक अनुभव सांगतो. एका पायलटवर मला बोलावलं तेव्हा सगळे सांगत होते, प्लँट पूर्ण स्टेनलेसचा आहे, ३१६एल दर्जाचा. तरी लीन द्रावणात लोखंड चाळीस पीपीएमच्या वर. मी कार्ट्रिज फिल्टर उघडायला लावला. पांढऱ्या कार्ट्रिजवर काळा, साबणासारखा गुळगुळीत लेप होता. तो पाण्यात कालवून भांड्याखाली लोहचुंबक धरला तर सगळा गाळ एका बाजूला गोळा झाला. मग आम्ही दोघं-तिघं टॉर्च आणि चुंबक घेऊन लाइन धरून चाललो. अशा स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, साध्या लोखंडाला चिकटतो. मेक-अप टाकीपासून (नवं अमाइन जिथून घालतात ती) पंपापर्यंतचा सहा मीटरचा पाइप साधा निघाला, कमिशनिंगच्या घाईत बसवलेला. ड्रेन व्हॉल्व्ह दोन साधे. आणि रीबॉयलरच्या वाफ-परतीच्या नोझलची आतली बाजू, जिथे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ आदळते, तिथे धातू खरवडल्यासारखा झाला होता. तीन जागा बदलल्या, द्रावण शुद्ध केलं, आणि पुढच्या दोन महिन्यांत टॉप-अप निम्म्याच्या खाली आलं. तुमच्याकडेही चुंबक घेऊन चालून या, अर्धा दिवस लागेल.

लोखंड धुराबरोबरही येतं. कोळशाच्या राखेत लोखंड असतं, मँगेनीज, व्हॅनेडियम असतं. भारतीय कोळशात गंधक कमी, पण राख ३५-४५ टक्के. कॅनडात सास्काचेवानमधलं बाउंडरी डॅम केंद्राचं तिसरं युनिट ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालं, कोळशाच्या वीजकेंद्रावरचा जगातला पहिला मोठा अमाइन प्लँट तोच. त्यांचा सॉल्व्हंट एमईए नाही, तरी पहिल्या वर्षांत धुराबरोबर आलेल्या राखेने एक्स्चेंजर आणि पॅकिंग तुंबले, अमाइन अपेक्षेपेक्षा फार जास्त गेलं आणि खर्चाचं गणित बिघडलं. याउलट आपल्याकडे इफ्कोच्या आंवला आणि फुलपूरच्या खत कारखान्यांत २००६ पासून रिफॉर्मरच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडून युरियाला दिला जातो, मित्सुबिशीच्या केएस-१ सॉल्व्हंटवर. तिथला धूर नैसर्गिक वायूचा, त्यात राख नाही, गंधक जवळपास नाही. या दोन प्रकारच्या धुरांतला फरक सॉल्व्हंटच्या नावापेक्षा मोठा आहे. वायूवरच्या केंद्रांत ऑक्सिजन मात्र कोळशाच्या दुपटीहून जास्त, १२-१३ टक्के, म्हणून तिथे गाफील राहता येत नाही.

सल्फरबद्दल अजून एक, कारण आपल्या देशात हा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा होणार आहे. मोठ्या जुन्या युनिटांसाठी २०१५ चा निकष २०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर होता, म्हणजे ७० पीपीएम. तो पाळला तरी वरच्याच हिशेबाने टनामागे १.६-१.७ किलो एमईए नुसतं बांधलं जातं. जुलै २०२५ च्या अधिसूचनेनंतर बहुतांश कोळसा केंद्रांना एफजीडी, म्हणजे धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा, बसवण्याची गरज उरलेली नाही. अशा केंद्राच्या धुरावर अमाइन लावायचं तर गंधक काढायची संपूर्ण जबाबदारी कॅप्चर प्लँटच्या प्री-स्क्रबरवर येते. तुमचे १५ पीपीएम मी तीन-चारवर आणायला सांगेन. कॉस्टिकचा पीएच प्रोब किती दिवसांनी कॅलिब्रेट होतो ते बघा. मी पाहिलेल्या निम्म्या प्री-स्क्रबरमध्ये रसायन बरोबर असतं, प्रोब चुकत असतो.

नायट्रोजन डायऑक्साइड धुरात थोडासाच असतो, पण त्याकडे दुर्लक्ष करू नका. त्याचं द्रावणात नायट्राइट होतं आणि नायट्राइट दुय्यम अमाइनशी मिळून नायट्रोसअमाइन बनवतं. यातले अनेक कर्करोगकारक आहेत. एमईए प्राथमिक अमाइन आहे, त्याचं टिकाऊ नायट्रोसअमाइन होत नाही. पण नासलेल्या एमईएमध्ये डायइथेनॉलअमाइन आणि इतर दुय्यम अमाइन तयार झालेले असतात, आणि त्यांचं होतं. जुनं द्रावण नव्यापेक्षा धोकादायक असतं ते या अर्थाने. नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०११ मध्ये सगळे नायट्रोसअमाइन आणि नायट्रअमाइन मिळून हवेत घनमीटरला ०.३ नॅनोग्रॅम आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा सुचवली. नॉर्वेतलंच मोंगस्टाडचं कार्बन कॅप्चर चाचणी केंद्र २०१२ पासून या मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून चालतं. तुमच्या ऑपरेटरना सँपल घेताना, फिल्टर बदलताना आणि विशेषतः रीक्लेमरचा (द्रावण शुद्ध करणाऱ्या यंत्राचा) गाळ हाताळताना नायट्राइलचे हातमोजे आणि फेस शील्ड द्या. गाळ उघड्या बादलीत ठेवायचा नाही.

आता मोजमापाबद्दल, कारण इथे बहुतेक पायलट फसतात. तुम्ही लिहिलंय की टायट्रेशनवर द्रावण अजून ३० टक्के दिसतं. दिसणारच. आम्लाचं टायट्रेशन अल्कधर्मीपणा मोजतं, एमईए मोजत नाही. एचईईडीए आणि त्याची भावंडं तितक्याच आनंदाने आम्ल घेतात. तुम्ही रोज टायट्रेशन बघून अमाइन घालता, आकडा ३० वर राहतो, आणि आत कचरा साचत जातो. खरं एमईए आयन क्रोमॅटोग्राफी किंवा गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजून घ्या. मग एकूण नायट्रोजन केल्डाल पद्धतीने काढा. दोन आकड्यांतली तफावत म्हणजे द्रावणात बसलेलं मेलेलं अमाइन.

फॉर्मेट मोजताना एक खुबी आहे. फॉर्मेटचा बराचसा भाग एमईएशी मिळून फॉर्मअमाइड होऊन लपलेला असतो आणि आयन क्रोमॅटोग्राफीत दिसत नाही. सँपलचा अर्धा भाग तसाच मोजा. उरलेल्या अर्ध्यात कॉस्टिक घालून रात्रभर ठेवा, अमाइड उलटून फॉर्मेट सुटतो, मग मोजा. मी दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट आलेला पाहिलाय. उष्णतेने न सुटणाऱ्या या क्षारांना आम्ही हीट स्टेबल सॉल्ट म्हणतो. रिफायनरीत ते दोन टक्क्यांच्या वर गेले की आम्ही काळजी करायचो. कॅप्चर प्लँटमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मी त्याआधीच हालचाल करतो.

रंगावर जाऊ नका. काळं दिसणारं द्रावण अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून काढलं की चहासारखं होतं, आणि वरिष्ठांना दाखवायला छान असतं. कार्बन फेस आणणारे पदार्थ धरतो, ते उपयोगी आहे. क्षार आणि लोखंड तो धरत नाही.

मग करायचं काय. चुंबकाची फेरी आणि प्री-स्क्रबर सांगितलं. त्यानंतर अ‍ॅब्सॉर्बरचा तळ बघा. लेव्हल फार खाली चालवत असाल तर रिच पंप भोवऱ्यातून बुडबुडे ओढतो, आणि एक्स्चेंजरमध्ये दाबाखाली ते बुडबुडे पूर्ण विरघळतात. व्होर्टेक्स ब्रेकर बसलाय का ते ड्रॉइंगवर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष बघा. लेव्हल बुडबुडे सुटण्याइतकी हवी. पण तळात अर्ध्या तासाचा साठाही नको, तिथेही ऑक्सिजन काम करत राहतो. अमाइनच्या टाकीवर नायट्रोजनचं आवरण आहे ना? माझ्या रिफायनरीच्या काळात एका टाकीचा नायट्रोजन रेग्युलेटर बंद पडला होता आणि तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. शटडाउननंतर तेच द्रावण फेऱ्यात घेतलं तेव्हा ते टाकीतच तपकिरी झालेलं होतं.

रीबॉयलरकडे जायचंच असेल तर द्रावणाचं तापमान सोडा आणि वाफेचं बघा. चार बार निरपेक्ष दाबाची संपृक्त वाफ १४४ अंशांची असते. त्याच दाबाची वाफ डीसुपरहीट न करता, म्हणजे त्याहून जास्तीची उष्णता न काढता, दिली तर नळीच्या भिंतीला लागलेलं द्रावण पॅनेलवरच्या १२० पेक्षा बरंच जास्त तापतं. १७ अंशांना चौपट हे सूत्र तिथे लावा. वाफेचा दाब थोडा उतरवणं हे द्रावण ११५ वर आणण्यापेक्षा शहाणपणाचं.

गंजरोधक घालायचा मोह होईल. तांब्याच्या क्षारांवर आधारलेले गंजरोधक स्टीलला वाचवतात हे खरं आहे, पण तांबं स्वतः ऑक्सिडेशनला लोखंडासारखीच, कधी जास्त, गती देतं. ऑक्सिडेशन थांबवणारी म्हणून विकली जाणारी बरीच रसायनं काचेच्या भांड्यात छान चालतात आणि गरम-थंडच्या फेऱ्यात काही आठवड्यांत स्वतःच संपतात. पुरवठादाराकडे फेऱ्यातल्या चाचणीचे महिन्यांचे आकडे मागा. नसतील तर तुमच्या १२०० किलोंवर प्रयोग करू देऊ नका.

रीक्लेमिंग मात्र लवकर सुरू करा. बहुतेक जण द्रावण पुरतं काळं होईपर्यंत थांबतात, कारण रीक्लेमर चालवायला वाफ लागते आणि गाळाची विल्हेवाट लावावी लागते. पण वळण येण्याआधीच थोडं थोडं द्रावण सतत काढून शुद्ध केलं तर ते वळण येतच नाही. एमईए १७० अंशांना उकळतं, त्यामुळे कॉस्टिक घालून साध्या दाबाखाली ऊर्ध्वपातन जमतं. जड अमाइनला निर्वात लागतो. आयन एक्स्चेंज क्षार काढतं, एचईआयए आणि अमाइडसारखे भार नसलेले रेणू सोडून देतं. तुमची अडचण मुख्यतः क्षार आणि लोखंडाची दिसते, म्हणून भाड्याने फिरतं आयन एक्स्चेंज युनिट मिळालं तर आधी ते लावा, मग वर्षातून एकदा ऊर्ध्वपातन. गाळ घातक कचऱ्यात मोडतो, अधिकृत ठिकाणीच द्यावा लागतो. सिमेंटची भट्टी त्यासाठी चांगली, कारण तिथल्या तापमानाला नायट्रोसअमाइन टिकत नाहीत.

सॉल्व्हंट बदलायचा प्रश्न यानंतर. पिपराझीन हे अमाइन उष्णतेला १५० अंशांपर्यंत उत्तम टिकतं. एएमपी या दुसऱ्या पर्यायात नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर ओढून नेण्यासारखा हायड्रोजनच नाही, म्हणून ऑक्सिजनला तो एमईएपेक्षा बराच पुरून उरतो. दोघांचं मिश्रण, सीझर-१, नीडरआउसेमला आणि मोंगस्टाडला भरपूर तपासलं गेलंय आणि माझा कौल त्यालाच आहे. एमडीईए हा आणखी एक पर्याय कार्बामेट बनवतच नाही, त्यामुळे कड्यांची साखळीही नाही, पण तो एकटा फार मंद. पिपराझीन दुय्यम अमाइन आहे, त्याचं नायट्रोसअमाइन सहज होतं, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडकडे जास्त लक्ष. आणि हे सगळे सॉल्व्हंट एमईएच्या कितीतरी पट महाग आहेत. लोखंडाने भरलेल्या फेऱ्यात महाग सॉल्व्हंट ओतणं मला बघवणार नाही.

एमईएचाच नवा घाणा भरणार असाल तरी एक काम चुकवू नका. जुनं द्रावण काढून लगेच नवं भरायचं नाही. पॅकिंगमध्ये, प्लेट एक्स्चेंजरच्या फटींत, मृत टोकांत पाच-सात टक्के जुनं द्रावण आणि सगळा काळा गाळ राहतो, आणि नवा घाणा पहिल्याच दिवशी लोखंड आणि अल्डिहाइड घेऊन सुरू होतो. डीएम (क्षारमुक्त) पाण्याने गरम फिरवून दोनदा, तिसऱ्यांदा दोन टक्के ताज्या एमईएने धुवा. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात लोखंड अर्ध्या पीपीएमच्या खाली आल्यावरच भरा. आणि भरल्यावर, धूर सोडण्याआधी, लीन पंपाच्या सँपल पॉइंटवरून एक लिटर द्रावण तपकिरी काचेच्या बाटलीत काढून, तारीख घालून, फ्रीजमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा असा प्रश्न पडला तर प्रयोगशाळेत दोन्ही बाटल्या एकत्र पाठवा.